सरळ लाइनीचे मालक

मी ग्रामसेवक म्हणून त्या गावात हजर झालो, त्या दिवशी सगळ्यात आधी मला हवा होता चहा. गाव रत्नागिरीपासून जवळ, हातखंब्याच्या थोडं अलीकडे. ज्यांच्या घरी खोली घ्यायची होती ते गृहस्थ ओटीवर बसले होते. त्यांना विचारलं, "चहाचं दुकान कुठं आहे हो?"

"चार साखळ्या, तीन आणे."

मला वाटलं, म्हातारा जुन्या काळात अडकलाय आणि चहाचा भाव सांगतोय. मी म्हटलं, "भाव नाही, दुकान विचारतोय."

"मी पण दुकानच सांगतोय. साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा आणे. घाटावर शिकवत नाय काय?"

हे आमचे मालक. जमीन मोजणीच्या खात्यात जन्मभर साखळी ओढून निवृत्त झालेले. पुढं खात्यात नवी यंत्रं आली आणि आकाशातल्या उपग्रहाला विचारून बांध कुठं ते सांगू लागली, पण मालकांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "त्या उपग्रहानं कधी चिखलात पाय घातलान काय?" असं ते विचारायचे. एक जुनी साखळी त्यांनी कुठूनशी मिळवली होती आणि ती देवघराशेजारच्या खुंटीला अडकवलेली असायची. गाव त्यांना तोंडावर मोजणीदार म्हणायचं आणि पाठीमागे 'साखळी'. मी मालक म्हणायचो, कारण मला तिथं राहायचं होतं.

वाकडं काही दिसलं की या माणसाच्या जिवाची तगमग व्हायची. एका तेराव्याच्या जेवणात पानं वाकडी मांडली म्हणून ते पंगतीतून उठले, घरात जाऊन सुतळी घेऊन आले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरून सत्तर माणसांना पानासकट सरकवलं. भात गार झाला. ज्याचं तेरावं होतं तो बिचारा जिवंतपणी यांच्याशी बांधावरून भांडलेला होता, त्याला तिथंही शांती मिळाली नसणार. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, अशा गोष्टींना सरावलेल्या होत्या. मला एकदा म्हणाल्या, "लग्नात ह्यांनी माझ्याकडं बघितलानच नाय. अंतरपाट वाकडा धरलाय म्हणून भटजींशी भांडत होते. मी हार घेऊन उभी."

मालकांचं एक वाक्य गावात म्हण होऊन बसलं होतं: "जमीन हलत नाय, गडगा हलतो." गडगा म्हणजे जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली कुंपणाची भिंत. तिकडे गडगे चालतात. दर पावसाळ्यात दोनचार दगड ढासळतात आणि ते पुन्हा रचताना वीतभर पलीकडे रचले जातात, नेहमी शेजाऱ्याच्याच बाजूला. मालकांना गावातल्या प्रत्येक गडग्याचं मूळ गाव माहीत होतं. "हा तुमच्या आजोबांच्या वेळी तिकडं फणसापाशी होता," असं ते चारचौघांत सांगायचे, तेही सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेताना. त्यामुळे त्यांना बोलावणी कमी यायची आणि आली तर प्रसाद घरपोच यायचा.

आता खडीच्या लाइनीचं सांगतो. या भागात रेल्वे बांधायचं काम चाललं होतं तेव्हा डोंगरातल्या काळ्या दगडाच्या खाणीतून खडी आणायला एक तात्पुरता फाटा टाकला होता. काम संपलं, रूळ उचलून नेले. लोखंड नेलं तरी भराव तसाच राहिला, पऱ्यावरची, म्हणजे ओढ्यावरची, छोटी मोरी राहिली, आणि काही लाकडी स्लीपर राहिले, ते पुढं गावातल्या अंगणांत बाकडी म्हणून दिसू लागले. ती पट्टी नंतर पंचायतीच्या ताब्यात आली. त्याचा कागद माझ्या कपाटात होता आणि माझ्या आधीच्या चार ग्रामसेवकांनी तो वाचलेला नव्हता. मीही वाचला नसता, पण मालकांनी मला खुर्चीत बसवून वाचायला लावला.

"एकशे नव्वद साखळ्या," ते म्हणाले. "अक्ख्या गावात सरळ काय पण नाय. ना बांध, ना माणूस. देवळाचा कळस पण कलता. एवढी एक लाइन काय ती सरळ, आनि तिच्यावर हे बसलेत."

'हे' म्हणजे बरेच जण होते. सरपंचांच्या भावानं तिथं काजू लावल्या होत्या. कुणी पेंढ्याची उडवी रचली होती, कुणी गडगा आडवा घातला होता, एकानं न्हाणीघर बांधलं होतं. सात ठिकाणी लाइन अडवलेली. मालकांना ती मोकळी करायची होती. कशासाठी, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. पंचायतीला अर्ज द्यायला आले तेव्हा 'प्रयोजन' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'सरळ राहावी म्हणून.'

मी म्हटलं, "मालक, असं चालत नाही. कुणाला तरी उपयोग दाखवावा लागतो."

"सरळ असणं हा उपयोग नाय?"

तेव्हा अंगणवाडीच्या ताई तिथंच सहीसाठी उभ्या होत्या. त्या खाणीकडच्या बौद्धवाडीतल्या, नवरा मुंबईत वॉचमन. त्यांची मुलगी आठवीत होती. शाळेतून मिळालेली सायकल तिच्याकडे होती. पण हायस्कूल लाइनीच्या दुसऱ्या टोकाला आणि रस्ता सगळा हायवेनं वळसा घालून. हायवेचं रुंदीकरण चाललेलं, डंपर अंगावर येणारे. पावसाळ्यापूर्वी एका ट्रकच्या वाऱ्यानं मुलगी सायकलसकट गटारात गेली होती. मळ्यातून पायवाट होती, पण पऱ्या भरला की ती बंद.

"काका," ताई म्हणाल्या, "तुमची ती लाइन मोकळी झाली तर माझी पोर दहा मिनिटांत शाळेत जाईल. तिचा बाप म्हणतोय, हायवेनं नववीला पाठवायची नाय. येत्या जूनला मुंबईला आत्याकडं ठेवायची. आत्याला बाळ झालाय. म्हणजे शाळा कुठली, समजून घ्या."

मालकांनी प्रयोजनाच्या रकान्यातलं खोडलं आणि 'सायकल' असं लिहिलं. कळवळा आला म्हणून लिहिलं, असं मी म्हणणार नाही. रकाना भरला याचाच त्यांना जास्त आनंद झाला होता. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती. सायकल हे वाहन एका बाजूला कललेलं उभं राहतं म्हणून ते त्यांना मुळात पसंतच नव्हतं.

पण कामाला लागले. घरोघर गेले. आणि एकानंही नाही म्हटलं नाही. कोकणात नाही म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. "बघू, शिमग्याला मुंबईची माणसं येतील, त्यांच्या कानावर घालू." शिमग्यापर्यंत थांबलो असतो तर "गणपतीत बोलू" म्हणाले असते, गणपतीत "शिमग्याला." असे ठराव त्या गावात बापापासून मुलाकडे वारशानं आले होते. एका बाई मात्र खरं बोलून गेल्या. म्हणाल्या, "सायकलवाट झाली की आमच्या परसातनं सगळीच येणार-जाणार." 'सगळीच' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. बौद्धवाडी लाइनीच्या टोकाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

शिमगा आला. पालखी सहाणेवर बसली, म्हणजे देवळाबाहेरच्या तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर. मुंबईहून आलेली पोरं नवे शर्ट घालून उभी, सगळा गाव हात जोडून. गुरवानं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की त्यानं देवाला मागायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात हो म्हणायचं. काय मागितलं याकडे कुणाचं लक्ष नसतं.

"बा देवा म्हाराजा! ही जी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत, त्यांची इडापिडा टाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबईला पोटापाण्याला गेलीत, त्यांच्या हाताला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि खडीच्या लायनीवर कुनी गडगा घातला आसंल, काजू लावली आसंल, उडवी रचली आसंल, ती ज्याची त्यानं आपल्या हातानं काढून पोरांच्या सायकलींना वाट मोकळी करायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा…"

निम्म्या लोकांच्या तोंडात तो अर्धाच राहिला. पण सरपंचांचे भाऊ डोळे मिटून होते, त्यांचा 'म्हाराजा' खणखणीत पुरा झाला. डोळे उघडले तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. गुरव शांत होता. त्याची विहीर त्याच्याच हद्दीत आहे हे काही वर्षांपूर्वी मालकांनीच मोजून दिलं होतं, आणि त्या दिवशी सकाळीच ते त्याच्याकडे जाऊन आले होते.

मालक माझ्या कानाशी आले. "भाऊसाहेब, लिवा. सर्वानुमते."

"अहो, ही ग्रामसभा नाही!"

"तुमच्या ग्रामसभेला कोरम कधी झाला होता ता सांगा."

झाला नव्हता. तीच सभा मी तहकूब करून ठेवली होती आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. ठराव मांडला. काल देवासमोर व्हय म्हटलेलं, आज माणसासमोर नाही कोण म्हणणार? ठराव झाला. मालक इतके खूश होते की त्या दिवशी त्यांनी काकींच्या हातची वाकडी भाकरी मुकाट खाल्ली.

बातमी द्यायला ते स्वतः ताईंकडे गेले, मला बरोबर घेऊन. "सगळा गाव व्हय म्हणाला गो," ते म्हणाले.

ताई म्हणाल्या, "आमची वाडी कुठं होती तिथं, काका?"

नव्हती. बौद्धवाडी गाऱ्हाण्याला येत नाही, दोन पिढ्या झाल्या. आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेची दवंडी त्यांच्याकडे पोचवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्यांच्यासाठी वाट, त्यांना सोडून आम्ही सर्वानुमते करून बसलो होतो. मालकांचा चेहरा साखळीत एखादी कडी कमी निघावी तसा झाला. त्यांनी तिथूनच मला नोंदवही आणायला पिटाळलं. विहारात बैठक बसली. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी ठराव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचला, माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि मग सही केली. "आमी नुसतं व्हय म्हणत नाय," ते मला म्हणाले. "आमी वाचून सही करतो." मी मान खाली घालून शाईचा पॅड पुढं केला, तर तिथं एकानंही अंगठा उठवला नाही.

एप्रिल आला तरी लाइनीवरचा एक दगड हलला नव्हता. मालक विचारायला गेले तर सरपंचांचे भाऊ हात जोडून म्हणाले, "मोजणीदार, आपण बुद्धी दे म्हणून मागितली हाय. देवान ती अजून दिलेली नाय. आली की काढतो." गावात ज्याला विचारावं तो बुद्धीची वाट बघत बसलेला.

मग मालकांनी ठरवलं, हद्दच दाखवून देऊ. खुंटीवरची साखळी काढली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं ताईंनी. मी नकाशा घेऊन मागं. खाणीकडून सुरुवात केली. प्रत्येक अतिक्रमणापाशी मालक थांबायचे, लाल कापडाची निशाणी ठोकायचे आणि मोठ्यानं जाहीर करायचे, "हयसर चार आणे आत!" लोक ओट्यांवर बसून बघत होते. मालकांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस असावा. उन्हात चेहरा लाल झाला होता आणि ते चक्क शीळ घालत होते.

साखळी आमच्या घरामागं आली. मालक पुढं झाले, वळून म्हणाले, "हां, हयसर काय नाय, चला पुढं."

ताई हलल्या नाहीत. "काका, साखळी इथं थांबत नाय. आत जातेय."

"आत कुठं?"

"पडवीत. भाऊसाहेबांच्या खोलीत."

सहा आणे. माझी पूर्ण खोली खडीच्या लाइनीवर उभी होती. माझी खाट, माझा स्टोव्ह, भिंतीवरची माझी दिनदर्शिका, सगळं अतिक्रमणात. रूळ उचलल्यानंतर दोनतीन वर्षांनी मालकांनी ती पडवी वाढवली होती. साऱ्या तालुक्याची घरं मोजणाऱ्या माणसानं स्वतःचं घर कधी मोजलंच नव्हतं.

समोरच्या ओट्यावर कुणीतरी टाळी दिली. त्या दिवसापासून गावात एकच वाक्य चालू झालं: "जमीन हलत नाय, मोजणीदार हलतो."

मालकांनी काय केलं? जे गावानं केलं तेच. आधी म्हणाले, नकाशा चुकला. मग म्हणाले, साखळी उन्हानं वाढलीय. मग त्यांनी फेरमोजणीचा अर्ज केला. फेरमोजणीला किती महिने लागतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? जन्मभर त्यांनी इतरांच्या तोंडावर हेच हत्यार फिरवलं होतं. आणि तो अर्ज पुढं पाठवला मी. शिफारस लिहून, शिक्का मारून. मला खोली बदलायची नव्हती. पंचायतीपासून ती दोन साखळ्यांवर होती, काकींच्या हातचं जेवण होतं, खिडकीतून वारा यायचा. मालकांची मी पोटभर चेष्टा करतोय, पण तो शिक्का माझा होता, हे सांगायला अजून लाज वाटते.

आता गावाला बुद्धीचीही गरज उरली नाही. "आधी मोजणीदारांची फेरमोजणी होऊ दे," एवढं म्हटलं की पुरे. लाल निशाण्या उन्हात पांढऱ्या पडल्या. ताई दर आठवड्याला पंचायतीत यायच्या, विचारायच्या, "काका, जूनच्या आधी होईल ना?" मालक म्हणायचे, "अर्ज गेलाय." मी म्हणायचो, "अर्ज गेलाय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धो धो कोसळत असताना ताई आल्या. मालक माझ्या टेबलासमोर बसले होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, मुलीचा रहिवासी दाखला पाहिजे. मुंबईला लागतो म्हणतायत."

मी दाखला लिहिला. 'सदर गावची रहिवासी आहे,' असं लिहून जी मुलगी आता तिथं राहणार नव्हती तिच्या नावावर सही केली. मालकांनी हळूच विचारलं, "कधी निघते?"

"उद्या सकाळच्या गाडीनं." मग थांबून म्हणाल्या, "सायकल अंगणवाडीत ठेवलेय. कुणाला लागली तर न्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना माझ्या खोलीची भिंत हादरली. बाहेर मालक पहार घेऊन उभे. डोक्यावर इरलं, छाती भिजलेली. मी ओरडलो, "अहो, माझं सामान!" तर म्हणाले, "काढा. आनि मग पहार धरा." काकींनी माझी खाट ओढून ओटीवर नेली. त्या रडत होत्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. जांभ्याचे चिरे दुपारपर्यंत पडत राहिले. संध्याकाळी सरपंचांचे भाऊ कुऱ्हाड घेऊन आपल्या काजूंकडे जाताना दिसले. देवानं बुद्धी दिली की लाजेनं, हे मी विचारलं नाही. आठवड्याभरात सातही ठिकाणं मोकळी झाली. जे तीन महिन्यांत होत नव्हतं ते आठ दिवसांत झालं, फक्त मुलगी गेल्यावर.

सव्वीस जानेवारीला सायकलवाटेचं उद्घाटन झालं. 'गावाच्या एकजुटीचा आदर्श' असा फलक लागला. सरपंचांनी भाषणात देवाचे आभार मानले, मुंबईच्या मंडळाचे मानले, अगदी माझेही मानले. आता तिथं आरे-वारेच्या किनाऱ्यावर आलेले पर्यटकही भाड्याची सायकल घेऊन येतात आणि मोरीवर उभे राहून फोटो काढतात. सकाळी शाळेच्या पोरींची रांग जाते, बौद्धवाडीच्या आणि गावातल्याही. परसातून सगळीच जातात, आणि कुणाचं काही वाहून गेलेलं नाही.

मेच्या सुट्टीत ताईंची मुलगी आठ दिवसांसाठी आली. मी तेव्हा दुसरी खोली घेतली होती, पण संध्याकाळी मालकांकडे जायचो. आम्ही दोघं लाइनीच्या शाळेकडच्या टोकाला बसलो होतो. ती खाणीकडून आली, अंगणवाडीतल्या त्याच सायकलीवरून. सायकल आता तिच्या उंचीला लहान झाली होती. मुंबईत शाळा कुठली विचारलं तर म्हणाली, "आत्याचं बाळ चालायला लागलंय." सायकल उभी करून तिनं मागं वळून आलेल्या वाटेकडे बघितलं, श्वास जरा लागला होता.

"आजोबा," ती म्हणाली, "एवढंच होतं काय ओ?"

मालकांनीही त्या वाटेकडे बघितलं.

"व्हय गो," ते म्हणाले. "एवढाच होता."